दिवाचने बाहेर ढकललेला चेंडू

२६ मे २००२. लॉस एंजेलिसचं स्टेपल्स सेंटर, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे पश्चिम गटाच्या, सातांपैकी चार सामने जिंकायच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना. सॅक्रामेंटो किंग्ज ९९, लेकर्स ९७. घड्याळात बारा सेकंदही उरलेले नाहीत. लेकर्सचा कोबी ब्रायंट आत घुसतो, शॉट चुकतो. शकील ओनील बास्केटखालूनच पुन्हा टाकतो, तोही चुकतो. किंग्जचा सात फुटांहून उंच सेंटर व्लादे दिवाच त्या गर्दीतून हात लांबवतो आणि चेंडू बास्केटपासून जमेल तितका दूर ढकलून देतो. अशा वेळी गर्दीत चेंडू पकडण्याच्या भानगडीत पडायचं नाही, तो बाहेर घालवायचा आणि घड्याळ संपू द्यायचं. कुठल्याही प्रशिक्षकाने हेच सांगितलं असतं. चेंडू जातो तो थेट लेकर्सच्याच रॉबर्ट हॉरीच्या हातात. थ्री-पॉइंट रेषेबाहेर, जिथून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात, तो एकटाच उभा असतो. शिट्टी वाजता वाजता लेकर्स १००, किंग्ज ९९.

या सामन्यात किंग्ज एका टप्प्यावर २४ गुणांनी पुढे होते. तो जिंकले असते तर मालिका ३-१ झाली असती. झाली २-२. सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळाले आणि सॅक्रामेंटोच्या लोकांच्या मनात जी अढी बसली ती आजही निघालेली नाही. पुढे सट्ट्याच्या प्रकरणात दोषी ठरलेल्या टिम डोनघी या पंचाने त्या मालिकेकडे बोट दाखवलं, लीगने आरोप साफ फेटाळला, सिद्ध काहीच झालं नाही. मी तो चौथा क्वार्टर अनेकदा पाहिला आहे. पंचगिरी वाईट होती, यात मला शंका नाही. पण सातवा सामना सॅक्रामेंटोच्या स्वतःच्या मैदानावर झाला, तिथे किंग्जने ३० पैकी १४ फ्री थ्रो वाया घालवले आणि ओव्हरटाइममध्ये ११२-१०६ असे हरले. त्या १४ फ्री थ्रोचं खापर पंचांवर फोडता येत नाही.

मोठं मार्केट आणि छोटं मार्केट, म्हणजे मोठ्या शहरांचे संघ आणि छोट्या गावांचे संघ, हा वाद निघाला की लोक हमखास या मालिकेवर येतात, आणि कटकारस्थानाच्या गोष्टी सुरू होतात. लीगला लॉस एंजेलिस हवं होतं, टीव्हीला लॉस एंजेलिस हवं होतं, वगैरे. खरी तफावत त्या चौथ्या क्वार्टरमध्ये नाही, असं मला वाटतं. ती बघायची तर या दिवाचचाच माग काढावा.

१९९६ साली दिवाच लेकर्सकडे होता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात, शार्लटच्या संघाने तेराव्या क्रमांकावर सतरा वर्षांचा कोबी ब्रायंट निवडला आणि दिवाचच्या बदल्यात तो लेकर्सना देऊन टाकला. लेकर्सना दिवाचचा पगार वहीतून काढायचाच होता, कारण त्यांना ओनीलसाठी जागा करायची होती. ओनील तेव्हा ऑरलँडोचा. ऑरलँडोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं, त्याच्या जोरावर १९९५ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि पुढच्याच वर्षी, करार संपल्यावर, तो लॉस एंजेलिसला निघून गेला. एका उन्हाळ्यात शार्लटचा एक आणि ऑरलँडोचा एक असे दोघे लेकर्सकडे आले. यात बेकायदा काही नव्हतं. सगळं नियमाला धरूनच झालं, म्हणून तर नियमांकडे बघायला हवं.

एनबीएमध्ये १९८४-८५ पासून सॅलरी कॅप आहे. पहिल्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. प्रत्येक संघाने पगारावर साधारण एवढाच खर्च करायचा, म्हणजे श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू विकत घेऊन बसणार नाहीत, हा त्यामागचा विचार. देशभरातल्या टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात, आणि ते थोडेथोडके नाहीत. २०२४ मध्ये झालेला अकरा वर्षांचा करार सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. स्थानिक टीव्हीचे पैसे मात्र ज्याचे त्याचे. लेकर्सनी २०११ मध्ये केलेला वीस वर्षांचा स्थानिक करार ३ अब्जांच्या घरातला असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. सॅक्रामेंटो किंवा मेम्फिसने असा आकडा स्वप्नातही पाहिला नसेल. संघ आपसात उत्पन्न वाटून घेतात, त्याने फरक थोडा कमी होतो, बुजत नाही.

पण मला पैशांपेक्षा एक दुसराच नियम जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९९ च्या करारापासून एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा यावरही मर्यादा आली. वरवर पाहता हे छोट्या गावांच्या भल्याचं. प्रत्यक्षात काय होतं? आयपीएलच्या लिलावात खेळाडूला गाव निवडता येत नाही, बोली लागेल तिकडे जायचं. एनबीएमध्ये करार संपला की खेळाडू मोकळा. त्याचा जुना संघ त्याला एखादं वर्ष जास्त आणि थोडी मोठी वाढ देऊ शकतो, बाकी सगळ्यांची कमाल रक्कम सारखीच. लेब्रॉन जेम्ससारख्या ताऱ्याची खरी किंमत त्या मर्यादेच्या दुप्पट असेल, तिप्पट असेल, पण सॅक्रामेंटोला ती देण्याची परवानगीच नाही. भाव सगळीकडे एकच झाला की निवड कशावर होणार? हवा, समुद्र, जाहिराती, सिनेमावाल्यांची ऊठबस, मुलांच्या शाळा, ओळखीपाळखी. म्हणजे ज्या गोष्टींत छोटं गाव कधीच जिंकू शकत नाही, नेमक्या त्याच गोष्टींवर. छोट्या गावाच्या हातात असलेलं एकमेव हत्यार, चार पैसे जास्त मोजण्याचं, ते नियमानेच काढून घेतलं.

दिवाच १९९९ मध्ये सॅक्रामेंटोला आला तो मात्र स्वतःहून, करार संपल्यावर. क्रिस वेबर वर्षभर आधी ट्रेडमधून, म्हणजे संघांनी केलेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून, आला होता. पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी, डग क्रिस्टी. पास देण्यातच ज्यांना आनंद आहे असा संघ तयार झाला. २००१-०२ मध्ये त्यांनी ८२ पैकी ६१ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्या संघाचा खेळ आज पाहिला तरी ताजा वाटतो. दिवाच बास्केटपासून दूर, फ्री थ्रो रेषेच्या टोकाजवळ चेंडू घेऊन थांबायचा, पाठ बास्केटकडे, चेंडू एका हाताच्या पंजात. एखादा सहकारी त्याच्या खांद्याला घासून आत पळायचा आणि दिवाच मान न वळवता चेंडू त्याच्या वाटेत सोडून द्यायचा. इतका अवाढव्य माणूस, आणि हातात इतका हलकेपणा!

सॅक्रामेंटो कॅलिफोर्नियाची राजधानी आहे हे बऱ्याच अमेरिकन माणसांनाही चटकन आठवत नाही. नदीकाठचं, शेतीच्या पट्ट्यातलं, सरकारी कचेऱ्यांचं शहर. मोठ्या व्यावसायिक खेळांपैकी कायमचा आपला म्हणावा असा त्यांच्याकडे हा एकच संघ, आणि तोही फिरत फिरत आलेला. रोचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशी गावं मागे टाकून १९८५ मध्ये तो इथे पोचला. त्याचं एकमेव विजेतेपद १९५१ चं, रोचेस्टरमधलं. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा सॅक्रामेंटोच्या लोकांना अर्धवट सुसंस्कृत म्हटलं होतं. त्या लोकांनी गुरांच्या गळ्यातल्या घंटा आणून त्यांच्या बाकामागे वाजवल्या. अपमानाला दिलेलं इतकं मोकळं उत्तर मी खेळांत क्वचित पाहिलं आहे.

२००६ नंतर किंग्ज प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, गेले नाहीत. एक वर्ष नाही, दोन नाही, सलग १६ मोसम. लीगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दुष्काळ. आता छोट्या मार्केटचा कैवार घेणाऱ्या माणसाने इथे खरं बोलायला हवं. या १६ वर्षांतलं बरंचसं सॅक्रामेंटोने स्वतःच्या हाताने केलं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी प्रशिक्षक मायकल मलोनला काढून टाकलं. तो डेन्व्हरला गेला आणि २०२३ मध्ये विजेता झाला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तर नशिबाने भरभरून दिलं होतं. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत सातव्या जागेवरून थेट दुसऱ्या क्रमांकावर उडी. स्लोव्हेनियाचा लुका डोंचिच समोर होता. आणि निवड करणारा होता खुद्द व्लादे दिवाच, तोपर्यंत किंग्जचा जनरल मॅनेजर झालेला, स्वतः पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेला. डोंचिचचं मोल त्याच्याइतकं कोणाला कळायला हवं होतं? त्याने मार्विन बॅग्लीला निवडलं. २०२० मध्ये दिवाच पायउतार झाला, २०२२ मध्ये बॅग्लीही गेला.

मग चुका जर त्यांच्याच होत्या, तर मार्केटचा प्रश्न आला कुठे? तो इथेच येतो. त्याच काळात लेकर्सही काही कमी चुकत नव्हते. २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षं त्यांना प्लेऑफ दिसली नाही. २०१५-१६ मध्ये १७ विजय, ६५ पराभव, त्यांच्या इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी. मोठमोठे करार अंगलट आले, मालकांच्या घरातच भांडणं झाली. आणि जुलै २०१८ मध्ये, म्हणजे डोंचिच हातचा घालवल्याला तीन आठवडेही झाले नसताना, लेब्रॉन जेम्सने लेकर्सच्या करारावर सही केली. पुढच्या वर्षी अँथनी डेव्हिसने न्यू ऑर्लिन्स सोडायचंय असं जाहीर केलं आणि तोही लॉस एंजेलिसला आला. २०२० मध्ये लेकर्स विजेते. सहा वर्षांचा कारभार एका सहीने धुऊन निघाला. सॅक्रामेंटोच्या १६ वर्षांत अशी सही करायला कोणी आलं नाही, येणारही नव्हतं. मोठ्या शहराला चूक करायची मुभा असते. छोट्या शहराला प्रत्येक निवड बरोबर करावी लागते, आणि एक चुकली तर त्याचे व्याज दहा वर्षं भरावे लागते. मार्केट म्हणजे माझ्या लेखी हेच. बाकी प्रेक्षकसंख्येचे तक्ते गौण आहेत.

याला कोणी न्यूयॉर्कचं उदाहरण देईल. सर्वांत मोठं शहर, आणि निक्सचं १९७३ चं विजेतेपद होऊन अर्धशतक उलटलं तरी त्यांना पुढचं मिळालं नव्हतं. बरोबर आहे. मोठं शहर असलं म्हणजे आपोआप यश मिळतं असं नाही. पण त्या सगळ्या वर्षांत निक्स दुसऱ्या गावी जातील की काय, अशी काळजी न्यूयॉर्कमधल्या एकाही माणसाने केलेली नाही.

सॅक्रामेंटोने ती केली. जानेवारी २०१३ मध्ये किंग्जच्या मालकांनी संघ विकायचं ठरवलं, घेणारे त्याला सिॲटलला नेणार होते. शहराचे महापौर तेव्हा केव्हिन जॉन्सन, तिथेच वाढलेले आणि स्वतः एनबीए गाजवलेले. त्यांनी दुसरा गिऱ्हाईक शोधला. तो म्हणजे विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि पैसा कमावलेले, तोवर गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये भागीदार असलेले. मे २०१३ मध्ये लीगच्या मालकांनी मतदान केलं: २२ विरुद्ध ८, संघ सॅक्रामेंटोतच राहील. त्याची किंमत शहराने मोजलीच. नव्या स्टेडियमसाठी सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरचा भार शहराने उचलला. मलोनला काढणं, डोंचिचला सोडणं, हे पुढे रणदिव्यांच्याच काळात झालं, म्हणून तिथले लोक त्यांच्यावर चिडतातही. दोन्ही खरं. संघ राहिला तोही त्यांच्यामुळेच.

त्यांच्याच खटपटीने ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए पहिल्यांदा सामने खेळायला भारतात आली. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स असे दोन प्रदर्शनी सामने झाले. पहिला शाळकरी मुलांसमोर, दुसरा शनिवारी आमच्यासारख्या तिकीट काढणाऱ्यांसाठी. मी गेलो होतो. टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे कळलं: हे लोक किती जोरात एकमेकांवर आदळतात, आणि आदळण्याआधी किती बोलतात. पेसर्सचा डोमांटास सबोनिस माझ्या बाजूच्या टोकाला स्क्रीन लावायचा, म्हणजे विरोधकाच्या वाटेत अंग रोवून उभा राहायचा, तेव्हा अडलेल्या माणसाचा हुंकार वरपर्यंत ऐकू यायचा. पण सगळ्यांत जास्त लक्षात राहिल्या त्या प्रेक्षकांच्या जर्सी. लेकर्सचा पिवळा, वॉरियर्सचा निळा, जॉर्डनच्या शिकागोचा लाल. जांभळा किंग्जचा दिसला तो मोजकाच, पेसर्सचा त्याहून कमी. माझ्या शेजारचा कॉलेजचा मुलगा कोबीची २४ नंबरची जर्सी घालून किंग्जसाठी घसा फोडत होता. त्याला दोष कसा द्यायचा? आपल्याकडे दुकानात तीच मिळते, पहाटे टीव्हीवर तेच संघ दिसतात. दोन छोट्या गावांनी अर्धं जग ओलांडून इथे यावं, आणि इथेही त्यांच्या आधी लॉस एंजेलिस पोचलेलं असावं. मला मनापासून वाईट वाटलं.

त्या दोन संघांचं पुढे काय झालं ते मात्र सांगण्यासारखं आहे. किंग्जनी २०२० मध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टनला निवडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी तो इंडियानाला दिला आणि सबोनिसला घेतलं. हा सौदा ऐकून मी दिवसभर अस्वस्थ होतो. पण दोन्ही गावांचं भलं झालं. २०२२-२३ मध्ये सॅक्रामेंटोने ४८ सामने जिंकले, दुष्काळ संपला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सोडायची प्रथा त्याच मोसमात पडली. सामना संपला की खेळाडू मोठं बटण दाबायचे, बाहेर रस्त्यावर माणसं माना वर करून उभी, आत ‘लाइट द बीम’चा गजर. प्लेऑफमध्ये गाठ पडली ती वॉरियर्सशी, शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोशी. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, सॅक्रामेंटोतच, आणि वॉरियर्सच्या स्टीफन करीने ५० गुण ठोकले. करीसमोर काय बोलणार! ते मार्केट नव्हतं, ते निव्वळ कौशल्य होतं, आणि त्या पराभवाचं मला दुःख झालं तरी तक्रार वाटली नाही.

हॅलिबर्टनने तर २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीत नेलं. समोर ऑक्लाहोमा सिटी, टीव्ही मार्केटच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकाच्याही खाली. पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना त्याने विजयी शॉट मारला. मालिका सात सामने चालली, सातव्यात हॅलिबर्टनच्या पायाचा स्नायुबंध तुटला आणि ऑक्लाहोमा जिंकलं. २०१९ पासून सात वर्षांत सात वेगळे विजेते: टोरंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन, ऑक्लाहोमा. असं याआधी कधी झालं नव्हतं. लीगचे लोक हे अभिमानाने सांगतात आणि त्यांचा अभिमान रास्त आहे.

पण ज्या नियमाला याचं श्रेय दिलं जातं, त्याबद्दल मी साशंक आहे. २०२३ च्या करारात ‘सेकंड एप्रन’ आला: पगाराचा एकूण आकडा एका रेषेपलीकडे गेला की ट्रेडवर, नव्या करारांवर, भविष्यातल्या ड्राफ्टवर कडक बंधनं. बोस्टनला २०२५ च्या उन्हाळ्यात विजेत्या संघातले मोहरे विकावे लागले ते त्यामुळेच. श्रीमंतांना चाप बसला, छान. पण ही रेषा संघाने खेळाडू विकत घेतला की घरी वाढवला, हे बघत नाही. ऑक्लाहोमाने २०१२ मध्ये जेम्स हार्डन सोडला तो पगाराच्या गणितापायी. तेव्हा ड्युरँट, वेस्टब्रुक आणि हार्डन तिघेही त्याच संघाने घडवलेले होते. आता शाई गिलजस-अलेक्झांडरबरोबर चेट होमग्रेन आणि जेलन विल्यम्स आहेत, तिघांचेही मोठे करार झालेत, आणि तेच गणित पुन्हा समोर येणार आहे. ज्या गावाकडे कोणी स्वतःहून येत नाही, त्याने दहा वर्षं खपून तीन मुलं घडवावीत आणि मग नियमाने सांगावं की यातला एक सोडा! आपल्याच ड्राफ्टमधून घडवलेल्या खेळाडूचा पगार त्या रेषेत अर्धाच धरावा, एवढी साधी दुरुस्ती केली तरी छोट्या गावांना मोठा आधार मिळेल, असं माझं ठाम मत आहे.

ऑक्लाहोमाच्या विजयाचा आनंद मला झाला, पण तो निर्भेळ नव्हता, कारण तो संघ मुळात सिॲटलचा. ४१ वर्षं तिथे खेळला, १९७९ मध्ये विजेता झाला. नव्या स्टेडियमला सरकारी पैसा मिळाला नाही आणि २००८ मध्ये सामानसुमान घेऊन निघून गेला. ऑक्लाहोमाच्या मतदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये नव्या स्टेडियमसाठी विक्रीकराचा बोजा मोठ्या बहुमताने स्वीकारला: किमान ९० कोटी डॉलर, त्यात मालकांचे ५ कोटी. सिॲटलचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतंच. सिॲटलला संघ परत मिळायला हवा, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. लीगने २०२५ मध्ये नवे संघ काढायचा अभ्यास सुरू केला, तर तो कोरा करकरीत नवा संघ द्यावा, नवे मालक, नवे खेळाडू. त्यासाठी मेम्फिस किंवा न्यू ऑर्लिन्सचा संघ उचलून नेऊ नये.